अमेरिकन कादंबरीतला वर्णद्वेष कसा वाचावा : नव्या वाचकांसाठी पायऱ्या

अमेरिकेतल्या वर्णद्वेषावरची कादंबरी हातात घेतली की नवा वाचक बहुधा त्यातला दुष्ट गोरा माणूस शोधतो. तो सापडतो, त्याचा संताप येतो, शेवटी हळहळ वाटते आणि पुस्तक मिटले जाते. अशा वाचनात निम्मे पुस्तक हाती लागतच नाही. जाणत्या कादंबरीकाराने वर्णद्वेष शिव्यांत कमी आणि रोजच्या व्यवहारात जास्त दाखवलेला असतो. एका खोलीचे भाडे किती, कोर्टात कोण कुठे बसते, दुकानदार पैसे हातात घेतो की टेबलावर ठेवायला लावतो, अपघातात मेलेल्यांत कोणाची गणती होते, या सगळ्यांत तो असतो. पुढच्या पायऱ्या हे व्यवहार टिपायला शिकण्यासाठी आहेत. एक वही आणि पेन्सिल जवळ ठेवा.

पायरी १ : पुस्तके आणि त्यांचा क्रम

पहिल्या फेरीत तीनच पुस्तके घ्या. हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०), टोनी मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) आणि रिचर्ड राइट यांची ‘नेटिव्ह सन’ (१९४०), याच क्रमाने. पहिलीची इंग्रजी सोपी आहे आणि कथा सरळ रेषेत जाते. दुसरी छोटी आहे, पण निवेदक बदलत राहतात. तिसरी जाड आहे आणि वाचताना अंगावर येते. रोज २०-२५ पाने वाचली तर पहिलीला दोन आठवडे पुरतात, दुसरीला आठ-दहा दिवस. ‘नेटिव्ह सन’साठी तीन आठवडे धरा. तिची प्रत घेताना १९९१ नंतरच्या संपूर्ण पाठाची आहे ना, हे पाहून घ्या. १९४०च्या आवृत्तीत एका पुस्तक-मंडळाच्या आग्रहाखातर काही मजकूर गाळला होता.

मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’पासून (१९८७) सुरुवात करू नका. नाव मोठे म्हणून बरेच जण तीच आधी उचलतात, काळाच्या उलटसुलट उड्यांत अडकतात आणि साठाव्या पानावर सोडून देतात. दोष वाचकाचा नसतो. त्या पुस्तकाला थोडी पूर्वतयारी लागते, म्हणून ते दुसऱ्या फेरीत घ्या.

पायरी २ : तारखांचे पान

वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक पुस्तकासमोर दोन वर्षे लिहा : कथा कधी घडते आणि पुस्तक कधी आले. खाली काही कायद्यांची वर्षे मांडा. १८५० : पळून गेलेल्या गुलामाला उत्तरेतल्या राज्यातूनही पकडून मालकाच्या हवाली करण्याचा कायदा. १८६५ : गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती. १८९६ : काळ्या-गोऱ्यांसाठी वेगळ्या सोयी चालतील, या ‘वेगळे पण समान’ तत्त्वाला सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मान्यता. १९५४ : शाळांतले काळ्या-गोऱ्या मुलांचे विभाजन घटनाबाह्य ठरवणारा निकाल. १९६४ आणि १९६५ : नागरी हक्क कायदा आणि मतदान हक्क कायदा. १९६७ : आंतरवंशीय विवाहबंदी रद्द. १९६८ : घर विकण्यात आणि भाड्याने देण्यात भेदभाव करण्यास बंदी. एवढे पुरे.

हे पान वाचनभर उपयोगी पडते. ‘मॉकिंगबर्ड’ घडते १९३०च्या दशकातल्या अलाबामात, पण ती छापली गेली १९६०मध्ये. मधल्या काळात शाळांतल्या विभाजनाविरुद्धचा निकाल आला होता, १९५५मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून होऊन आरोपी सुटले होते, बसमधल्या विभाजनाविरुद्ध माँटगोमेरीतल्या काळ्या लोकांचा बस-बहिष्कार झाला होता. पहिल्या वाचकांच्या हाती ही कादंबरी पडली तेव्हा पंचवीस वर्षांपूर्वीच्या खटल्यातून ते आपल्याच काळाचे कोर्ट पाहत होते.

‘बिलव्हेड’च्या समोर १८७३ हे वर्ष लिहा. सिनसिनाटीतल्या त्या घराची गोष्ट तिथून सुरू होते. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलेली आहे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवण्यासारखी आहेत. पुण्यातून ज्या मुक्तीचा गौरव होत होता, त्या मुक्तीनंतर आठ वर्षांनी एका मुक्त बाईच्या घरात काय शिल्लक होते, ते मॉरिसन दाखवतात. त्यांना बीज मिळाले मार्गारेट गार्नर या खऱ्या स्त्रीच्या हकिकतीतून. ती १८५६च्या जानेवारीत केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली आणि पकडायला माणसे आली तेव्हा तिने आपल्या लहान मुलीला मारले. १८५०चा कायदा वहीत नसेल, तर नदी ओलांडून मुक्त राज्यात पोचलेली बाई अजून घाबरलेली का, हेच समजत नाही.

पायरी ३ : कोण सांगते आहे?

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक ओळ लिहा : हे कोणी पाहिले, आणि कोणाला बोलू दिले नाही.

‘मॉकिंगबर्ड’वर हा प्रयोग अवश्य करा. सगळे सांगते स्काउट, टॉम रॉबिन्सनचा खटला लढणाऱ्या गोऱ्या वकिलाची मुलगी. कथा सुरू होते तेव्हा ती सहा वर्षांची आहे, संपते तेव्हा नऊला टेकलेली. ज्याच्या जिवावर बेतले आहे तो टॉम, बलात्काराच्या आरोपात अडकलेला काळा माणूस, मात्र तुरुंगाच्या अंधारातून एक-दोन वाक्ये बोलतो आणि मग थेट साक्षीच्या पिंजऱ्यात. त्याच्या मृत्यूची बातमी त्याच्या बायकोला कळते तो क्षणसुद्धा आपल्यापर्यंत पोचतो तो गाडीतून गेलेल्या एका गोऱ्या मुलाने सांगितलेला म्हणून. एवढी नोंद झाली की पुस्तकाची ताकद आणि त्याची मर्यादा दोन्ही एकाच जागी सापडतात. मूल कायदा जाणत नाही, म्हणून ते मोठ्यांनी गिळलेले प्रश्न विचारते. पण कृष्णवर्णीय घराच्या आत त्याला शिरता येत नाही.

आता एकोणिसावे प्रकरण घ्या आणि ते दोनदा वाचा. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झाला आहे, आणि त्याच्यावर आरोप करणाऱ्या मेयेला या गोऱ्या मुलीला मार बसला आहे तो चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा डावखुरा असावा. पुरावा कोणालाही दिसेल असा आहे. तरीही खटला फिरतो तो एका वाक्यावर. एक पैसाही न घेता तू तिची कामे का केलीस, असे सरकारी वकील खोदून विचारतो आणि टॉम खरे ते सांगून टाकतो : मला तिची कीव आली. वकील तेवढेच वाक्य उचलून धरतो. खाली बसलेल्या गोऱ्या लोकांना हे उत्तर रुचत नाही. बलात्काराच्या आरोपापेक्षा मोठा गुन्हा त्या क्षणी हा ठरतो की काळ्या माणसाने गोऱ्या बाईवर दया दाखवली, कारण दया दाखवायला वरच्या पायरीवर उभे राहावे लागते. ज्यूरीने काय ठरवले असेल ते इथेच कळते, निकाल यायच्या आधी.

याच प्रकरणात वकिलाचा तुच्छ सूर ऐकून स्काउटचा मित्र डिल रडू लागतो, तेव्हा स्काउट त्याची समजूत घालते. ती काय म्हणते? अखेर तो निग्रोच तर आहे. आपली लाडकी निवेदिका हे बोलते. बहुतेक वाचक या ओळीवरून घाईने पुढे जातात. तिथे पेन्सिलीने खूण करा. चांगल्या घरात, चांगल्या बापाच्या हाताखाली वाढणाऱ्या मुलीलाही हे वाक्य आयते मिळाले आहे, हे लेखिकेने लपवलेले नाही.

पायरी ४ : साधे प्रसंग सावकाश

दंगल, फाशी, चाबूक हे प्रसंग वाचकाला आपोआप दिसतात. सराव हवा तो साध्या प्रसंगांचा. दोन नमुने देतो.

मार्क ट्वेन यांच्या ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन’च्या बत्तिसाव्या प्रकरणात हक हा गोरा मुलगा एका शेतघरी पोचतो आणि उशिराचे कारण म्हणून आगबोटीत स्फोट झाल्याची थाप मारतो. सॅली मावशी काळजीने विचारते, कोणाला इजा झाली का? हक म्हणतो, नाही, एक काळा माणूस मेला. मावशी सुटकेचा श्वास टाकते : नशीब म्हणायचे, कधीकधी माणसांना लागतेसुद्धा. पुढे गप्पा सुरू. सॅली मावशी प्रेमळ, अगत्यशील बाई आहे, आवाजही चढवत नाही. फक्त तिच्या मोजणीत तो माणूस धरलेला नाही. आणि लगेच मागचे प्रकरण आठवा : एकतिसाव्यात याच हकने आपल्यासोबत पळालेल्या जिम या गुलामाला पकडून देणारे पत्र फाडले आहे आणि त्यासाठी नरकात जायची तयारी केली आहे. तोच मुलगा पुढच्या प्रकरणात अशी थाप मारतो. त्याला असेच वाटते, की मावशीला कसे उत्तर पटेल हे तो पुरते ओळखून आहे? गट करून वाचत असाल तर यावर अर्धा तास द्या. उत्तर एकच निघायला हवे असे नाही.

दुसरा नमुना ‘द ब्लूएस्ट आय’मधला. ओहायोतल्या लोरेन गावात पेकोला ही काळी, गरीब मुलगी तीन पेनी घेऊन मिठाईच्या दुकानात जाते. दुकानदार याकोबाउस्की तिच्याकडे पाहतो, पण त्याच्या नजरेला ती दिसत नाही. तिच्या हातातले पैसे घेताना त्याला तिचा स्पर्श नको असतो. तीन पेनीत नऊ ‘मेरी जेन’ गोळ्या मिळतात, आणि त्यांच्या कागदावर निळ्या डोळ्यांच्या गोऱ्या मुलीचे चित्र आहे. दुकानात जाताना पेकोलाला वाटेतली पिवळी रानफुले सुंदर वाटली होती. परत येताना तीच तिला कुरूप वाटतात. एवढाच प्रसंग. शिवी नाही, धक्काबुक्की नाही. दुकानदार स्वतः बाहेरून आलेला आहे, हे मॉरिसन मुद्दाम सांगतात : नव्या देशात आलेल्या माणसाने कोणाकडे कसे पाहायचे नाही, हा धडा लवकर गिरवलेला असतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे पान विशेष लक्ष देऊन वाचावे. सोबत वहीत १९२३ हे वर्ष टाका. त्या साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाही, असा निकाल दिला. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, आणि निकालानंतर सरकार त्यांचेही नागरिकत्व काढून घ्यायला निघाले. ते पंडितांनी कोर्टात लढून टिकवले.

पायरी ५ : पैशाचा हिशेब

ही पायरी लोक टाळतात, आणि ‘नेटिव्ह सन’ तर तिच्याशिवाय चुकीचीच वाचली जाते. तिचा नायक, बिगर थॉमस हा काळा तरुण, दोन खून करतो. पहिल्या वाचनात त्याच्याविषयी सहानुभूती टिकवणे अवघड जाते, आणि लेखकाची तशी मागणीही नाही. त्याऐवजी आकडे लिहून काढा.

शिकागोच्या साउथ साइड या काळ्यांच्या वस्तीत बिगरची आई आणि तीन मुले एका खोलीत राहतात. पहिल्याच प्रसंगात खोलीत घूस निघते. भाडे आठवड्याला ८ डॉलर. बिगरला डाल्टन या श्रीमंत गोऱ्या गृहस्थांच्या घरी ड्रायव्हरची नोकरी लागते, आठवड्याला २५ डॉलर : २० आईसाठी, ५ त्याचे. आता मालक कोण ते पाहा. ती इमारत ज्या कंपनीची, तिच्यावर ताबा याच डाल्टन यांचा. म्हणजे दिलेल्या पंचवीसातले आठ डॉलर फिरून त्यांच्याकडेच. हे गृहस्थ काळ्या मुलांच्या क्लबला पिंगपाँगची टेबले देणारे दानशूर म्हणून ओळखले जातात. तिसऱ्या भागातल्या चौकशीत बिगरचा वकील मॅक्स त्यांना विचारतो, की या लोकांना शहराच्या दुसऱ्या भागात घरे का देत नाही? ते म्हणतात, तशी जुनी रीत आहे, आणि निग्रोंना एकत्र राहण्यातच आनंद वाटतो. भाडे कमी का करत नाही, तर इतर घरमालकांच्या दृष्टीने ते नीतीला धरून होणार नाही. उत्तरे अगदी सभ्य सुरात दिलेली आहेत.

हा हिशेब वहीत असला की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. त्या काळात शिकागोच्या कितीतरी वस्त्यांत घर काळ्या माणसाला विकायचे नाही, असे करार खरेदीखतातच असत. सर्वोच्च न्यायालयाने १९४८मध्ये अशा करारांची कोर्टामार्फत अंमलबजावणी बंद केली. म्हणजे कादंबरी आली तेव्हा डाल्टन यांची ‘जुनी रीत’ कागदोपत्री भक्कम होती. राइट यांनी भाषण न ठोकता भाड्याच्या पावतीतून ती दाखवली.

राल्फ एलिसन यांची ‘इनव्हिजिबल मॅन’ (१९५२) पुढे वाचाल तेव्हा तिथल्या रंगाच्या कारखान्यावर थांबा. तिथला सर्वांत पांढराशुभ्र रंग तयार करताना प्रत्येक डब्यात काळ्या द्रवाचे दहा थेंब टाकून ढवळतात. काळे दिसेनासे होते आणि पांढरे उजळते.

पायरी ६ : बोलीची अडचण

झोरा नील हर्स्टन यांची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ (१९३७) किंवा ‘हकलबेरी फिन’ उघडली की संवादातली स्पेलिंगे पाहून वाचक बिचकतो. उपाय सोपा आहे : संवाद डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने मोठ्याने वाचा. उच्चार झाला की शब्द ओळखू येतो. पहिली तीस पाने अशी वाचली की कान तयार होतो. तरी जमत नसेल तर ध्वनिपुस्तक ऐकत छापील पान समोर ठेवा. शब्दकोशाचा इथे फारसा उपयोग नाही.

बोली अडाणीपणाची खूण समजणे ही इथली सर्वांत मोठी चूक. ‘मॉकिंगबर्ड’मधली कॅलपर्निया ही काळी स्वयंपाकीण फिंच यांच्या घरी एक इंग्रजी बोलते आणि आपल्या चर्चमध्ये दुसरी, आणि मुलांनी विचारल्यावर कारणही सांगते. पर्सिव्हल एव्हरेट यांनी ‘जेम्स’मध्ये (२०२४) हीच गोष्ट टोकाला नेली. हकच्या गोष्टीतला जिम इथे स्वतः कथा सांगतो. गुलाम आपसांत शुद्ध इंग्रजी बोलतात, आणि मुलांना मात्र गोऱ्यांसमोर मोडकीतोडकी भाषा कशी वापरायची याचे पाठ देतात, कारण जीव त्यावर अवलंबून आहे. या पुस्तकाला २०२५चे पुलित्झर मिळाले. ‘हकलबेरी फिन’ आधी आणि ‘जेम्स’ लगेच नंतर वाचा, मध्ये दुसरे काही नको.

गटात मोठ्याने वाचणार असाल तर ‘हकलबेरी फिन’मध्ये दोनशेहून जास्त वेळा येणाऱ्या, काळ्यांना दिलेल्या त्या शिवीचे काय करायचे, हे पहिल्या बैठकीपूर्वीच ठरवा. छापील पानावर ती राहू द्या, वाचताना गाळा. मुले असतील तर हे आवर्जून पाळा.

पायरी ७ : तारणहाराला तपासा

अ‍ॅटिकस फिंच, स्काउटचा वकील बाप, सगळ्यांना आवडतो. आवडू द्या. पण वहीत लिहा, की तो खटला हरतो, आणि तसे होणार हे त्याला आधीपासून माहीत असते. हार्पर ली यांचे आधी लिहिलेले हस्तलिखित २०१५मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ नावाने छापले गेले. त्यात म्हातारा अ‍ॅटिकस काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवू पाहणाऱ्यांच्या बैठकीला बसलेला दिसतो. अनेक वाचक दुखावले. नव्या वाचकाने हे दुसरे पुस्तक पूर्ण वाचलेच पाहिजे असे नाही, तो बैठकीचा प्रसंग तेवढा पाहावा. चांगला माणूस आणि न्याय्य व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसते.

पायरी ८ : तुलना उशिरा करा

मराठी वाचकाच्या मनात जात लगेच येते, आणि येणे स्वाभाविक आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४६मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास करत आलो असल्याचे कळवले होते. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव घेतले अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. नाते खरे आणि जुने आहे. पण दहाव्या पानावरच ‘हे तर आपल्यासारखेच’ म्हटले की पुस्तकातले वेगळेपण दिसायचे थांबते. तुलना पुस्तक संपल्यावर करा आणि ती दुःखांची नको, यंत्रणेची करा. स्पर्श कुठे नाकारला जातो? घर कोणाला मिळत नाही? कोणत्या लग्नाला बंदी आहे आणि ती कोण राबवते? मग फरकही लिहा. नेला लार्सन यांच्या ‘पासिंग’मध्ये (१९२९) क्लेअर ही उजळ कांतीची कृष्णवर्णीय स्त्री गोरी म्हणून राहते आणि तिच्या नवऱ्याला पत्ताच नसतो. काळ्या पूर्वजाच्या रक्ताचा एक थेंबही माणसाला काळे ठरवतो, पण तो थेंब डोळ्यांना दिसत नाही, या विसंगतीवर सगळी कादंबरी उभी आहे. आपल्याकडे आडनाव, गाव आणि वस्ती विचारून जे काढले जाते, ते तिथे कातडीवरून वाचायचा प्रयत्न होतो. ‘पासिंग’ दोन-तीन बैठकींत संपते.

याच जागी ‘द ब्लूएस्ट आय’मधल्या उजळ रंगाच्या मोरीन पील या मुलीकडे परत जा. शिक्षक तिच्याकडे पाहून हसतात, मुले वाट देतात. अन्याय सोसणाऱ्या समाजाच्या आतही रंगाची उतरंड असते. हे मान्य करायला मॉरिसन कचरत नाहीत, आणि गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात बघत वाढलेल्या आपल्या वाचकानेही कचरू नये.

पायरी ९ : पहिले प्रकरण पुन्हा

पुस्तक संपले की त्याच दिवशी पहिली दहा पाने परत वाचा. ही पायरी वगळू नका. ‘मॉकिंगबर्ड’चे पहिले वाक्य स्काउटचा भाऊ जेम याच्या मोडलेल्या हाताबद्दल आहे, आणि तो का मोडला हे कळायला शेवट यावा लागतो. ‘द ब्लूएस्ट आय’ची सुरुवात शाळेच्या वाचनपाठाने होते : सुखी गोरे घर, आई, वडील, मुले, कुत्रा, मांजर. तोच मजकूर तीनदा छापला आहे, एकदा नीट, एकदा विरामचिन्हे काढून, एकदा शब्दांमधली जागाही काढून. पहिल्या वेळी ती छपाईची गंमत वाटते. परत वाचताना त्यातले तुकडे पुढच्या प्रकरणांच्या शीर्षकांशी जुळवून पाहा. कुत्र्याचा तुकडा कोणत्या प्रकरणाच्या माथ्यावर आला, आईचा कोणत्या, आणि त्या प्रकरणात पेकोलाच्या घरी काय घडले, ते तारखांच्या पानाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. पुढचे पुस्तक त्यानंतर उघडा.